गावची जुनी कोठडी : पाडायची की राखायची? एका प्रकरणाचा अभ्यास

या प्रकरणातलं गाव पश्चिम विदर्भातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं, म्हणजे जुन्या वऱ्हाडातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. ग्रामपंचायतीनं मदतीला बोलावलं आणि पुढची तीन वर्षं मी या कामात राहिलो. जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

बाजार भरतो त्या मैदानाच्या कडेला दोन खोल्यांची दगडी इमारत आहे. काळ्या पाषाणाच्या, चुन्यात बांधलेल्या, जवळपास अडीच फूट जाडीच्या भिंती. वर कवेलू, त्याखाली सागवानी फाटे. पुढं अरुंद ओसरी. दक्षिणेकडची खोली शिपायांच्या बसण्या-उठण्याची होती. उत्तरेकडच्या खोलीला लोखंडी गजांचं दार आहे आणि त्याचा अडसर दारापासून हातभर लांब, भिंतीत केलेल्या खाचेत जातो. आतल्या माणसानं गजांतून हात काढला तरी तिथवर पोचणार नाही, असा हिशेब त्यात आहे. आत एकच झरोका, तोही छताला लागून. भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक लोखंडी कडं.

इमारतीवर शिलालेख नाही, साल नाही. पण उत्तरेकडच्या दारावरची तुळई म्हणजे आगगाडीच्या रुळाचा तुकडा आहे. भुसावळहून नागपूरला जाणारी रेल्वे 1867 साली पूर्ण झाली. म्हणजे निदान ही भिंत आजच्या रूपात उभी राहिली ती त्याच सुमारास किंवा त्यानंतर. वऱ्हाड 1853 च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला भाव चढला आणि कापसाच्या गाड्यांच्या वाटेवरच्या बाजारगावांना महत्त्व आलं. हे गाव त्यांपैकीच एक. बाजार तिथं पैसा, पैसा तिथं चोरी आणि चोरी तिथं ठाणं, असा तो क्रम.

गावात हिला 'जेल' म्हणतात, पण ती जेल नव्हती आणि हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरला. 1894 च्या कारागृह कायद्यानं 'कारागृह' या शब्दाच्या व्याख्येतूनच पोलिसांच्या ताब्यातल्या माणसांना ठेवायची जागा वगळली आहे. शिक्षा झालेला कैदी अकोला, अमरावती, नागपूरला जायचा. गावातली ही कोठडी होती, पकडलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढं नेईपर्यंत ठेवायची. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणं मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय चोवीस तासांच्या वर कुणाला ठेवता येत नव्हतं. कागदावर तरी.

स्वातंत्र्यानंतर ठाणं पक्क्या सडकेवरच्या गावी गेलं. मग इथं काही वर्षं कोंडवाडा होता. पिकात शिरलेली ढोरं आणून डांबायची आणि दंड भरला की सोडायची. म्हणून साठीच्या पुढची माणसं आजही या जागेला कोंडवाडाच म्हणतात. पुढं सोसायटीनं खताच्या बॅगा ठेवल्या. गच्च भरलेला युरिया कित्येक पावसाळे भिंतीला टेकून राहिला आणि त्यातला क्षार दगडा-चुन्यात मुरला. भिंतींना जो लोणा लागला तो मुख्यतः त्याचाच. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी आतून सिमेंटचं प्लास्टर केलं. ओल बाहेर पडायची वाट बंद झाली आणि दगडांमधला चुना आतल्या आत भुगा होत गेला. सुदैवानं उत्तरेकडच्या खोलीत प्लास्टर करायला तेव्हा पैसे पुरले नव्हते.

अडचण

एका पावसाळ्यात इमारतीच्या मागच्या आवाराची भिंत रात्रीतून बसली. जमीन काळी भारी. पाणी लागलं की फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंत दरसाल थोडी थोडी हलतेच. आवाराला लागून अंगणवाडी आहे. कुणाला इजा झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी बाया पंचायतीत येऊन बसल्या. मासिक सभेत इमारत शिकस्त ठरवून निर्लेखनाचा, म्हणजे ती कागदोपत्री बाद करून पाडायचा, प्रस्ताव पाठवायचा ठराव झाला. तिथं सभागृह बांधायचं होतं आणि आमदार निधीतून पैसे मिळायची चिन्हं होती.

गावातली दहा-पंधरा मुलं विरोधात उभी राहिली. 26 जानेवारी 2021 ला राज्यात येरवड्यापासून कारागृह पर्यटन सुरू झालं होतं, ती बातमी त्यांच्या मोबाइलवर होती. आपल्या जेलीत जंगल सत्याग्रहाचे लोक ठेवले होते, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यांनी मला बोलावलं. पहिल्याच बैठकीत सरपंचबाई म्हणाल्या, ''सर, भिंत लेकराच्या अंगावर पडली तं मले कोणी इतिहास इचारणार नाही.''

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं. जुन्या वास्तूंविषयी कळकळ असलेले आम्ही लोक बहुतेक वेळा ती वास्तू बघून घरी जातो. तिच्या शेजारी लेकरं ठेवून कामाला जाणाऱ्या बाईची भीती आम्हाला नसते.

समोर असलेले पर्याय

पाडणं हा पहिला. सोपा, निधीही समोर. मात्र सातबारा काढला तेव्हा कळलं की जागा सरकारी आणि वापर 'पोलीस ठाणे' असाच लिहिलेला. म्हणजे जी इमारत पाडायचा ठराव पंचायतीनं केला होता ती पंचायतीची नव्हतीच. सगळ्या प्रकरणाला वळण दिलं ते या एका उताऱ्यानं. भांडण तिथंच थोडं निवळलं, कारण पाडायलाही आणि दुरुस्त करायलाही आधी तहसीलदारांकडंच जावं लागणार होतं.

दुसरा पर्याय मुलांचा आवडता होता : राज्य संरक्षित स्मारक म्हणून घोषणा. 1960 च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके अधिनियमाखाली ते शक्य असतं. पण राज्यात अशी साडेतीनशेहून अधिक स्मारकं आहेत आणि त्यांतल्या किल्ल्यांना नि मंदिरांनाही दुरुस्तीसाठी वाट बघावी लागते. दोन खोल्यांच्या कोठडीचा नंबर कधी लागणार? शिवाय एकदा संरक्षित झाली की गावाला स्वतः खिळाही ठोकता येणार नाही. मी या पर्यायाच्या विरोधात बोललो. मुलं नाराज झाली.

दर्शनी भिंत आणि गजांचं दार तेवढं ठेवायचं, मागं सभागृह उभारायचं, असा तिसरा मार्ग उपसरपंचांनी सुचवला. दिसायला तो मधला मार्ग होता. पण कोठडीचा अर्थ तिच्या आतल्या जागेत असतो. किती अंधार, किती बुटकी, झरोका किती उंच, हे उभं राहून कळतं. नुसतं दार ठेवलं तर ते फोटो काढायचं दार होईल.

शेवटी ठरलं ते असं : महसूल खात्याकडून जागा पंचायतीकडं मागायची, इमारत चुन्यातच दुरुस्त करायची, एका खोलीत अभ्यासिका करायची आणि कोठडीची खोली होती तशी ठेवायची. सभागृहासाठी शाळेमागची जागा. ग्रामसभेत हे मंजूर व्हायला दोन सभा लागल्या. पहिलीला गणपूर्तीच झाली नाही. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली लहान संख्या लागते, आणि दिवस कापूस वेचणीचे होते. दुसरी 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर लगेच घेतली, तेव्हा माणसं होती.

काय केलं

जागेचा कागद व्हायला चौदा महिने गेले. या काळात एक गोष्ट पंचायतीनं लगेच आणि शहाणपणानं केली : अंगणवाडीच्या बाजूला कुंपण घातलं आणि मागच्या भिंतीला बल्ल्यांचा टेकू दिला. सरपंचबाईंच्या आग्रहानं झालेलं हे काम. त्यामुळं घाई करायचं कारण उरलं नाही. तरी आम्ही घाई केली.

पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून थोडी रक्कम आराखड्यात बसली होती, बाकी लोकवर्गणी. रक्कम हातात आली फेब्रुवारीत आणि मार्चअखेर खर्च दाखवायची होती. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता फार थोडे उरलेत. शेजारच्या तालुक्यातले सत्तरीचे एक बाबा मिळाले. त्यांनी भिंतीवर बोटाची पेरं टेकवली, प्लास्टरचा पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, ''सिमिटानं भित घुसमटली जी. तिले दम घेऊ द्या लागते. पन हे काम उन्हाळ्याचं नोहे. दिवाळीपासून करा.''

आम्ही ऐकलं नाही. निधी परत जाईल, ही भीती होती. कळीचा चुना विरघळवून हौदात मुरत ठेवायचा, मग एक घमेलं चुना, दोन वाळू, एक सुरखी म्हणजे विटांची भुकटी, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. बाबांनी सगळं रीतीनं केलं. पण चुना हळूहळू, ओलाव्यात घट्ट होतो. मार्चच्या शेवटी वऱ्हाडातल्या उन्हात, दिवसाआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर, ओली बारदानं लावून लावून किती लावणार? एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर जाळीसारख्या भेगा आल्या आणि हात लावला की पापुद्रा निघायला लागला. तो सगळा खरवडून दिवाळीनंतर पुन्हा करावा लागला, या वेळी निव्वळ वर्गणीतून. बाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा मागच्या वेळेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आल्या आल्या त्यांनी पाण्याचा टँकर कुठं उभा राहील तेवढं विचारलं.

याहून मोठी चूक त्याच फेब्रुवारीत झाली होती आणि ती पुन्हा दुरुस्त होणारी नाही.

काम सुरू करायच्या आधी मुलांनी श्रमदान काढलं. आठवडाभर रोज सकाळी साठ-सत्तर माणसं. पिंपळाचं मूळ काढलं, कचरा काढला, कवेलू उतरवून धुऊन ठेवले. एका सकाळी उत्साहाच्या भरात उत्तरेकडची खोलीही तारेच्या ब्रशनं घासून, चुन्याचा हात देऊन स्वच्छ केली. मी त्या दिवशी कॉलेजात परीक्षेच्या कामाला होतो. दुपारी पोचलो तेव्हा खोली पांढरीशुभ्र होती आणि सगळे कौतुकानं माझ्याकडं बघत होते. एका पोरानं सहज सांगितलं, ''सर, भितीवर लय रेघोट्या होत्या, सगळ्या काढल्या.''

जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर खिळ्यानं नाही तर नखानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. एके ठिकाणी बैलासारखं काहीतरी, एके ठिकाणी अक्षरं. या इमारतीत डांबलेल्या माणसांनी स्वतः मागं ठेवलेलं तेवढंच काय ते होतं. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं की कोठडीत पाऊल टाकू नका, अगोदर फोटो काढा, मापं घ्या. सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर रागवायचा मला काही हक्क नव्हता.

पाटीवर काय लिहायचं?

दुरुस्तीपेक्षा अवघड निघालं ते हे. मुलांनी मजकूर तयार केला होता : 'स्वातंत्र्यसैनिकांचे तुरुंगस्थान'. संदर्भ 1930 च्या जंगल सत्याग्रहाचा. त्या वर्षी 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि वऱ्हाडभर ते लोण पसरलं. आमच्या गावच्या तीन घरांत आजोबा-पणजोबांच्या गोष्टी आहेत की विळे घेऊन गेले, धरले गेले, एक रात्र या कोठडीत काढली आणि सकाळी चालत पुढं नेले.

या आठवणींना कागद शोधणं माझ्याकडं आलं. 1903 पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली, मग मध्यप्रांतात नागपूरहून, 1956 ला मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. राज्य बदललं की दप्तर हलतं. नागपूरच्या पुराभिलेखागारात मी चार फेऱ्या केल्या. तालुक्यातल्या अटका सापडल्या, या कोठडीचं नाव सापडलं नाही. तीन घरांच्या गोष्टी मात्र एकमेकींशी जुळत होत्या, चालत नेल्याच्या वाटेसकट. मला त्या खऱ्या वाटतात. पण 'तुरुंगस्थान' लिहिण्याइतका आधार त्यांत नाही, असं मी ग्रामसभेत सांगितलं.

त्याच सभेत मागं उभी असलेली पारधी बेड्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या पारधी वस्तीतली, एक आजी बोलली. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. ''माह्या सासऱ्याले यातच कोंडत. गावात कोनाची कोंबडी गेली तरी शिपाई पयले बेड्यावर येत. ते लिवसान का पाटीवर?''

सभा गप्प झाली. एकानं म्हटलं, हे चांगल्या कामात कशाला. दुसरा म्हणाला, चोरांची पाटी लावायची का? इथं मी न राहवून उभा राहिलो. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, 1911 ला त्याची व्याप्ती वाढली, 1924 ला तो नव्यानं मांडला गेला. कुणी काही केलं म्हणून नव्हे, अमुक जमातीत जन्मला म्हणून पोलिसांच्या वहीत नाव आणि ठाण्यात हजेरी. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. भटके-विमुक्त लोक हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. इतिहासाचा शिक्षक असून हे सगळं त्या कोठडीत उभं राहून मला आधी आठवायला हवं होतं. सत्याग्रहींनी इथं एक रात्र काढली असेल. सासऱ्यासारखी माणसं इथं वारंवार येत होती.

सभेत त्या दिवशी निर्णय झाला नाही आणि तो न होणंच बरं झालं. पुढच्या महिनाभरात मुलं बेड्यावर गेली, चार म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आली. ज्या पोरानं 'चोरांची पाटी' म्हटलं होतं, तोही गेला होता. शेवटी पाटीवरचा मजकूर असा ठरला : ही पोलीस कोठडी होती. जंगल सत्याग्रहातले गावकरी इथं एक रात्र होते, असं गावातली जुनी माणसं सांगतात. गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात पारधी समाजातल्या माणसांना इथं गुन्ह्याविना कोंडलं जाई, असं त्यांचे वारस सांगतात. पुढं इथं कोंडवाडा होता. दोन्हीकडं 'सांगतात' हाच शब्द ठेवायचा, यावर मी अडून बसलो. एकाची आठवण इतिहास आणि दुसऱ्याची कहाणी, असं होता कामा नये.

निष्पत्ती

इमारत उभी आहे. दोन पावसाळे झाले, आग्नेयेकडच्या कोपऱ्यात थोडी गळती आहे, भिंतींचा लोणा कमी झाला पण गेलेला नाही. खताचा क्षार निघायला वर्षं लागतील, असं बाबांचं मत आहे. अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली बसतात, त्यांत बेड्यावरच्या दोघी आहेत. कोठडी 15 ऑगस्टला आणि 31 ऑगस्टला उघडतात. एरवी किल्ली पंचायतीच्या शिपायाकडं असते आणि तो शेतात गेला असेल तर आलेला माणूस गजांतूनच बघून जातो. निवडणुकीनंतर पंचायत बदलली. नव्या मंडळींना देखभालीसाठी दरसाल रक्कम ठेवायचा ठराव मान्य आहे, रक्कम अजून पडलेली नाही. दोन घरांनी पाटीवरच्या मजकुरामुळं वर्गणीची उरलेली रक्कम दिली नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सातबारा पहिल्या दिवशी काढीन. मार्चअखेरची रक्कम चुन्याला न लावता लाकूड, कवेलू नि दारांना लावीन आणि चुना दिवाळीवर ठेवीन. श्रमदानाच्या आधी एक दिवस फक्त बघायचा ठेवीन : कुणी काही उचलायचं नाही, घासायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहून काढायचं. बेड्यावर पहिल्या आठवड्यात जाईन. गावाचा इतिहास विचारायला मी देवळापाशी आणि पारावर बसलो होतो. बेडा गावापासून अर्धा किलोमीटर आहे आणि तिथं पोचायला मला दोन वर्षं लागली.

त्या पुसलेल्या रेघांचं एक सांगायचं राहिलं. श्रमदानाच्या सकाळी, घासायला घेण्याआधी, एका पोरानं कोठडीत स्वतःचा फोटो काढला होता. आठ महिन्यांनी मोबाइल चाळताना त्याला तो सापडला. आम्ही तो मोठा करून, भिंतीवर त्या रेघा जिथं होत्या तिथंच, लोखंडी कड्याच्या वर लावला आहे. रेघा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आहेत, म्हणजे बसून ओढलेल्या. त्या दिवस मोजायला ओढल्या होत्या का, ठाऊक नाही. चोवीस तासांच्या त्या कोठडीत फोटोत सतरा रेघा मोजता येतात. त्यापुढच्या रेघा पोराच्या खांद्याआड गेल्या आहेत.